‘आखाजीनंतर बघू’ म्हणणाऱ्या ताईंना

पत्र: सिस्टर, नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली, वय 46. घरी बिबडे, पापड, कुरडयांच्या ऑर्डरी घेते. तीन वर्षांपासून पित्ताने हैराण आहे. छातीत जळतं, आंबट पाणी घशाशी येतं, रात्री दोनला उठून बसावं लागतं. जळजळ वाढली की मेडिकलमधून आणलेली पित्ताची गोळी घेते, चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. जळगावच्या डॉक्टरांनी पोटात दुर्बीण टाकून बघू म्हणून सांगितलं. श्रावणात तारीख होती तर घरात कानबाई देवी बसणार होत्या. मार्गशीर्षात पुतण्याचं लग्न निघालं. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर बघू असं ठरवलंय. खरं सांगू का, भीती वाटते. माझ्या चुलत सासऱ्यांना दुर्बीण टाकली आणि चार महिन्यांत ते गेले. नळी घशात असताना दम कोंडला तर? आणि भलतंच काही निघालं तर? मालक म्हणतात, सगळे मनाचे खेळ आहेत. गुडघ्यांसाठी अधूनमधून गोळी घेते, बाकी आजार नाही. हिमोग्लोबिन 9.1 आहे, पण ते बायकांचं असतंच. (एक वाचक)

उत्तर:

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी, निघताना दाराशी चपला घालत सांगावी तशी सांगितली आहे. हिमोग्लोबिन 9.1, ‘पण ते बायकांचं असतंच’. धुळ्याच्या एका दवाखान्यात दुर्बिणीच्या खोलीत मी एकवीस वर्षं काढली. हे वाक्य किती जणींच्या तोंडून ऐकलं त्याचा हिशोब नाही. ताई, बायकांचं 12 च्या खाली नसावं. 9.1 म्हणजे अंगात रक्त कमी आहे आणि ते एकतर कुठून तरी जातंय किंवा पुरेसं तयार होत नाहीये. पाळीत जास्त जात असेल. जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय असेल तर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी लोह कमी शोषलं जातं. किंवा पोटातल्या एखाद्या जखमेतून थेंब थेंब रक्त जात असेल आणि डोळ्यांना ते कधी दिसतही नसेल. यातलं कोणतं कारण तुमचं, हे नाडी बघून कळत नाही.

त्यात गुडघ्याची गोळी. ‘अधूनमधून’ म्हणजे किती? वाळवणाच्या दिवसांत, सकाळपासून मांडी घालून पापड लाटल्यावर, ती रोज संध्याकाळी होत असणार असा माझा अंदाज आहे. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या कुळातल्या गोळ्या दुखणं थांबवतात आणि त्याच वेळी पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही कमी करतात. मग आम्लाने तिथे छाले पडतात, कधी अल्सर होतो. गंमत अशी, की अशा अल्सरला पुष्कळदा दुखणंही नसतं.

तीन वर्षांचं पित्त, वय 46, गुडघ्याच्या गोळ्या आणि 9.1 या चार गोष्टी एका केसपेपरवर आल्या की कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार, आत डोकावून बघू. त्यांना तुमच्यात काही भयंकर दिसलं म्हणून नव्हे. पण हे तुम्हाला कोणी बसवून सांगितलं नसावं. ‘दुर्बीण करून घ्या’ म्हणाले, चिठ्ठी फाडून दिली, पुढचा पेशंट आत आला. मग ती रिकामी जागा भीतीने भरून काढली, आणि भीतीला चुलत सासऱ्यांचं उदाहरण आयतंच सापडलं.

त्यांचं आधी बोलते, कारण खरी गाठ तिथेच आहे असं मला वाटतं.

‘दुर्बीण टाकली आणि चार महिन्यांत गेले.’ आपल्याकडे गोष्ट अशीच सांगतात, आधी दुर्बीण, मग मरण, जणू एकामुळे दुसरं झालं. ते गेले ते आजाराने, आणि तो आजार नळी जाण्याच्या कितीतरी महिने आधीपासून आत होता. मी ज्यांना अशा अवस्थेत पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी आधी घास अडकण्याकडे दुर्लक्ष केलेलं असायचं. भाकरी उतरत नाही म्हणून दुधात कुस्करून खायचे, मग नुसतं वरण, मग नुसतं दूध, आणि पाणीही उतरेना झालं तेव्हा गाडी करून यायचे. तुमच्या सासऱ्यांचं काय झालं होतं ते मला माहीत नाही. पण घरात कोणाला तरी विचारा, दुर्बिणीच्या आधी त्यांना किती दिवस त्रास होता. उत्तर बहुधा ‘बरेच महिने’ असंच येईल.

तुम्हाला काहीच निघणार नाही असं मी लिहून देत नाही. तसं लिहून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण पित्ताच्या त्रासासाठी दुर्बीण केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची अन्ननलिका डोळ्यांना साफ दिसते. बाकीच्यांत बहुतेकांना थोडी लाली, एखादा ओरखडा, छोटा अल्सर, सैल झालेली झडप असलं काहीतरी सापडतं, आणि त्यावर औषध असतं.

आता त्या नळीबद्दल. ती साधारण करंगळीएवढी जाड असते, एक सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि शेवयांसारखी नसली तरी चांगली लवचिक असते. तोंडातून अन्ननलिकेत, तिथून जठरात, आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत जाते. अन्ननलिका जेमतेम वीतभर-सव्वा वीत, पंचवीसेक सेंटिमीटर. म्हणजे जायचंय ते अंतर काही फार नाही. नुसतं बघायचं असेल तर पाच ते दहा मिनिटांत काम होतं.

दम कोंडत नाही. श्वासाची नळी वेगळी, अन्नाची वेगळी, आणि दुर्बीण अन्नाच्या नळीत असते. नाकाने श्वास चालूच राहतो. बोटाला क्लिप लावलेली असते, तिच्यावर रक्तातला ऑक्सिजन दिसत राहतो, आणि खोलीत एक माणूस केवळ तुमच्याकडे बघायला असतं. एकवीस वर्षं ते माणूस मी होते.

साक्रीकडच्या एक आजी होत्या. नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण. टेबलावर चढायच्या आधीच माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ‘मना दम कोंडाई जाई व माय!’ मी त्यांना एवढंच सांगितलं, की डोळे मिटू नका, माझ्या साडीच्या काठाकडे बघा आणि लाळ गिळू नका, गळू द्या. नळी घशातून उतरताना त्यांना एकदा मोठी उबळ आली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्या शांतपणे माझ्या काठाकडे बघत राहिल्या. सहा-सात मिनिटांनी नळी बाहेर. पदराने तोंड पुसून आजी म्हणाल्या, ‘इतलंच व्हतं का?’ आणि बाहेर बसलेल्या सुनेवर ओरडल्या, की उगाच रात्रभर रडून मला घाबरवलंस.

लाळेचं मी मुद्दाम लिहिलं. सगळ्यात जास्त घाबरगुंडी तिथे होते. घसा बधिर असतो, गिळायला गेलं की ठसका लागतो, ठसका लागला की वाटतं श्वास बंद झाला. म्हणून गिळायचंच नाही. गालाखाली टॉवेल ठेवलेला असतो, तो त्यासाठीच. लाज वाटू द्यायची नाही. आत हवा सोडतात त्यामुळे मोठमोठ्या ढेकरा येतात, त्यांचीही लाज नको. त्या खोलीत आमदारांनी ढेकरा दिलेल्या मी ऐकल्यात.

घसा बधिर करायचा स्प्रे कडू लागतो. काही स्प्रेंना कंपनीने केळ्याचा वास दिलेला असतो. जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला केळ्याचं काय कौतुक, पण रावेर-यावलच्या पेशंटांना मी ते हमखास सांगायचे आणि ते हमखास म्हणायचे, ‘हे कसलं केळं!’ तेवढ्यात घसा बधिर व्हायचा.

मग डाव्या कुशीवर निजवतात. म्हणजे आपली वामकुक्षीच. ‘वाम’ म्हणजे डावी आणि ‘कुक्षी’ म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या अंगावर कलंडायची ही जुनी रीत तुमच्या पित्तालाही उपयोगी आहे, त्यावर पुढे येतेच. दातांच्या मध्ये प्लास्टिकचं एक कडं देतात, नळी चावली जाऊ नये म्हणून. कवळी असेल किंवा एखादा दात हलत असेल तर आधी सांगायचं. घशातून उतरतानाचे पाच-दहा सेकंद, तेवढेच खरे कठीण. आतला तुकडा घ्यायचा झाला, त्याला बायोप्सी म्हणतात, तर तो दुखत नाही, कारण तिथल्या अस्तराला चिमट्याची वेदना कळत नाही. आणि तुकडा घेतला म्हणजे कॅन्सरचा संशय, असं अजिबात नाही. पुष्कळदा तो हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जंतूसाठी घेतात. या जंतूने अल्सर होतो हे पटवून द्यायला ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने 1984 साली तो जंतू स्वतःच पिऊन दाखवला होता आणि आजारी पडला होता. 2005 साली रॉबिन वॉरन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. जंतू सापडला तर साधारण दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स असतो. पेशंटांना ते आवडतं, निदान कशाला तरी नाव मिळालं म्हणून.

तरीही नकोच वाटत असेल तर झोपेचं इंजेक्शन मागा. मागायला लाजू नका. गुंगी येते आणि पुष्कळांना नंतर काही आठवतही नाही. मात्र त्यासाठी सोबत जबाबदार माणूस लागतो, चोवीस तास गाडी चालवायची नाही, आणि मी म्हणेन त्या दिवशी कढईपाशीही उभं राहायचं नाही. इंजेक्शनशिवाय केली तर घशाचा बधिरपणा उतरला की तासाभरात पाणी पिऊन घरी. दिवसभर घसा थोडा खवखवतो. धोका शून्य नाही. पोटाला इजा होणं किंवा रक्तस्राव होणं हे घडू शकतं, पण नुसत्या तपासणीत ते हजारात एकापेक्षाही पुष्कळ कमी. नंतर पोटात किंवा छातीत जोराचं दुखलं, ताप आला, रक्ताची उलटी झाली तर मात्र सकाळची वाट न बघता परत जायचं.

पूर्वी हे प्रकरण फारच अवघड होतं. 1868 साली जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरने पहिल्यांदा जिवंत माणसाच्या पोटात सरळ, ताठ नळी घालून पाहिली, ती एका तलवार गिळणाऱ्या खेळवाल्याच्या. दुसऱ्या कोणाला जमण्यासारखं ते नव्हतंच. वाकणारी, काचतंतूंची दुर्बीण 1957 साली आली, आणि ती करणाऱ्या हर्शोविट्झ यांनी आधी स्वतःच्याच घशात घालून पाहिली. आता आपल्याला तलवार गिळता यायची गरज नाही.

माझंही सांगते. हजारो लोकांचे हात धरलेली मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा नळी घशाला लागताच उठून बसले आणि हाताने ती ओढून काढली. इतक्या वर्षांची सिस्टर! डॉक्टर हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘सिस्टर, तुम्ही पेशंटला काय सांगता ते मला सांगा बरं.’ मी सांगत गेले, नाकाने श्वास, लाळ गळू द्या, एका जागी बघा. सांगता सांगताच परत आडवी झाले. निघालं काय? अल्सर. कारण गुडघे. मीही तुमच्याचसारखी ‘अधूनमधून’ गोळ्या खात होते.

बरं, तारीख येईपर्यंतचं.

आधी गोळी. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल यांपैकी जी घेत असाल ती जळजळ झाल्यावर घ्यायची गोळी नाहीच. जेवण आलं की पोटातले आम्लाचे पंप सुरू होतात, आणि ही गोळी चालू पंपाला कुलूप लावते. म्हणून सकाळी उपाशीपोटी घ्यायची, खाण्याच्या अर्धा ते पाऊण तास आधी, आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस रोज. तुम्ही तीन वर्षं ती आग लागल्यावर घेताय, तिचा खरा उपयोग तुम्हाला अजून मिळालेलाच नाही. बरेच दिवस रोज घेऊन एकदम थांबवली तर आम्ल काही दिवस उसळून येतं, तेव्हा बंद करतानाही विचारूनच. दुर्बिणीच्या आधी ती थांबवायची का, हेही विचारा. जंतूची तपासणी करायची असली तर काही डॉक्टर दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, कारण गोळी चालू असताना जंतू लपून राहतो.

आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा पित्त नसतं, हेही जाता जाता. पित्त यकृतात तयार होतं. तुमच्या घशाशी येतं ते जठरातलं आम्ल. अन्ननलिका आणि जठर यांच्या सीमेवर एक झडप असते, ती नको तेव्हा सैल पडते, आणि खालचं वर येतं. पोट गच्च भरलं, कमरेत वाकलं, नाडी करकचून आवळली, जेवून लगेच आडवं झालं, की तिला सैल पडायला आमंत्रणच. आता तुमचा दिवस आठवा. दुपारी जेवून लगेच पाटावर वाकून बिबडे थापायचे. रात्री साडेनऊला खिचडी, वरून कच्चं तेल, सोबत पापड, आणि दहाला गच्चीवर. मी खान्देशातलीच, खिचडीवरचं तेल सोडा असं सांगायची माझी हिंमत नाही. (तुमचं गाव तर तेलात जुनंच, 1945 साली अमळनेरला निघालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचीच पुढे विप्रो झाली.) पण खिचडी साडेसातला खा. वेळ बदलली तरी अर्धं काम होतं, कारण तेलकट जेवण पोटातून सावकाश खाली सरकतं आणि झोपायच्या आधी त्याला तीनेक तास हवेत. लोक चवीवर बंदी घालतात आणि घड्याळाकडे बघतच नाहीत, हे माझं जुनं रडगाणं आहे.

मिरचीचं काय? भरीत, ठेचा, शेवभाजीची तर्री हे सगळं एकदम बंद करून पांढरं-पिवळं खात बसलेल्या बायका मी पाहिल्यात. पंधरा दिवसांनी त्या जास्तच चिडचिड्या झालेल्या असतात आणि जळजळ आहे तिथेच. प्रत्येकाचं पोट वेगळं. दोन आठवडे वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाजता, रात्री काय झालं. कुणाला तर्री सोसते पण उपाशीपोटीचा चहा सोसत नाही. जे तुमच्या वहीत तीनदा गुन्हेगार ठरेल तेवढंच सोडा. मिश्री लावत असाल तर मात्र वही न बघता सोडा. थंड दुधाने बरं वाटतं ते थोडा वेळ, मग तेच दूध पचवायला पोट पुन्हा आम्ल सोडतं.

रात्रीसाठी एक सोपा उपाय. बाजेच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा ठेवा, सहा ते आठ इंच उंची येईल अशा. उशीवर उशी नको, त्याने मान वर जाते, पोट दुमडतं आणि त्रास वाढतो. सगळं अंगच उतारावर यायला हवं. आणि झोपायचं डाव्या कुशीवर, कारण तसं निजलं की जठरातलं आम्ल झडपेच्या खालच्या पातळीला राहतं. पण वामकुक्षीच्या आधी शतपावली का सांगितली होती तेही लक्षात घ्या. दुपारी बेचाळीस-पंचेचाळीस अंशात बाहेर फिरा म्हणत नाही, घरातल्या घरात ओसरीपासून मागच्या दारापर्यंत दहा फेऱ्या पुरे.

मालक म्हणतात ते ‘मनाचे खेळ’. पूर्ण खोटं नाही, पण ज्या अर्थाने म्हणतात त्या अर्थाने चूक. आम्ल खरंच वर येतं. मन घाबरलेलं असलं की तेवढंच आम्ल दुप्पट जाळतं, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, छाती धडधडते, आणि रात्री दोन वाजता अंधारात चुलत सासरे आठवतात. मग आवळलेल्या पोटाने श्वास वरवर चालतो आणि आणखी वर येतं. यावर एक गोष्ट करून बघा. जेवणानंतर थोड्या वेळाने खुर्चीत ताठ बसा, बेंबीवर हात ठेवा, आणि श्वास घेताना छाती न फुगवता हात पुढे ढकला. चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सकाळी उपाशीपोटी उताणं पडून बेंबीवर स्टीलची वाटी ठेवून केलं तर जमतंय की नाही ते वाटीच सांगते. छाती आणि पोट यांच्या मधला स्नायूंचा पडदा त्या झडपेला बाहेरून आधार देत असतो, त्यामुळे या श्वासाचा पित्तालाही फायदा होतो, आणि टेबलावर नळी उतरताना हाच श्वास कामी येतो. कपालभाती किंवा सर्वांगासन मात्र सध्या नको.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. छातीत दाबल्यासारखं दुखलं, घाम सुटला, धाप लागली, दुखणं जबड्याकडे किंवा हाताकडे गेलं, तर ते पित्त समजून सोडा पीत बसायचं नाही. आधी ईसीजी. पित्त समजून घरी थांबलेले हार्ट ॲटॅक मी पाहिलेत, आणि बायकांचे जास्त. तसंच घास अडकायला लागला, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, शौच डांबरासारखी काळी, चिकट झाली, तर तारखेची वाट बघायची नाही. लोहाच्या गोळ्या चालू असल्या तर शौच काळपट होतेच, तेवढ्याने घाबरू नका. पण चिकट आणि वाईट वासाची असेल तर दाखवा.

आता तारीख. श्रावणात कानबाई, मार्गशीर्षात लग्न, आता आखाजी. आखाजीनंतर पावसाची घाई, मग परत श्रावण. मी म्हणते, आखाजीच्या आधीची तारीख घ्या. माहेरी झोक्यावर बसाल तेव्हा ही तपासणी मागे पडलेली असेल, आणि आमरसाची वाटी घेताना मनात हिशोब चालू राहणार नाही. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे उन्हात उपाशी बसावं लागत नाही. आदल्या रात्री हलकं जेवून घ्या, पुढे काही खायचं नाही, पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते फोन करून विचारा. ‘नुसता घोटभर चहा’ घेऊन आलेले कितीतरी पेशंट आम्ही परत पाठवलेत. दुधाचा चहा पोटाच्या हिशोबात जेवणच. खर्च आणि झोपेच्या इंजेक्शनचे वेगळे पैसे आधीच विचारून घ्या. खाजगीत जड जात असेल तर जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथे चौकशी करा. सोबत मालकांना न्या, मनाचे खेळ म्हणणाऱ्या माणसाने बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसलेलं बरं असतं.

रिपोर्ट हातात आला की त्यातले शब्द मोबाइलवर शोधत बसू नका. ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’, ‘लॅक्स एलईएस’, ‘ग्रेड ए इसोफेगायटिस’, ‘स्मॉल हायटस हर्निया’ हे शब्द आमच्याकडच्या रिपोर्टांत रोज असायचे. वाचायला भारी, पण त्यातलं बरंचसं म्हणजे थोडी सूज, सैल झडप, हलकासा ओरखडा. आणि ‘नॉर्मल’ आला तर पैसे वाया गेले म्हणू नका, तो आला म्हणजे गोळी नेमाने घेण्याची आणि वेळेवर जेवण्याची पाळी आली. मात्र 9.1 चं कारण त्यातून सापडलं नाही तर तिथेच थांबू नका. पाळीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं, लोहाची तपासणी करायची, आणि आणखी काय बघायचं ते डॉक्टरांना स्वतःहून विचारायचं. ‘बायकांचं असतंच’ हे उत्तर कोणाकडूनही घ्यायचं नाही, डॉक्टरांकडूनही नाही.

आणि निघताना गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाका. रिकामं असलं तरी टाका. ‘अधूनमधून’ म्हणजे किती ते त्यांना मोजता येईल.

तुमची,
सिस्टर